फूगा मॅजिस्टर, १/४८: शेपूट झकास, मास्तरांची जागा आंधळी

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. फूगा मॅजिस्टर या फ्रेंच प्रशिक्षण जेट विमानाचा हा १/४८ मापाचा प्लास्टिक किट घ्यावा. अंगाचा आकार बरोबर उतरलाय, पंख सुरेख आहेत आणि कोन साधून बसवली तर शेपूट अशी दिसते की कपाटातली बाकीची विमानं फिकी पडतात. कॉकपिटची मात्र हयगय केलीय. त्यातही मागच्या सीटचं तर पार वाटोळं. प्रशिक्षण विमानात मागची सीट म्हणजे मास्तरांची सीट. ती ज्याने अशी उरकली, त्याने खोक्यावर ‘ट्रेनर’ हा शब्द मोठ्या अक्षरात छापायला नको होता.

कंपनीचं नाव देत नाही. जुने साचे या धंद्यात एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात फिरत असतात, त्यामुळे खोक्यावरच्या नावापेक्षा आतले तुकडे ओळखता आले पाहिजेत. खूण सांगतो: पॅनेलच्या, म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या, रेषा कोरलेल्या नसून उठावाच्या असतील, पुढचा आणि मागचा डॅशबोर्ड हुबेहूब एकच असेल आणि कॅनोपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाच्या, मधल्या चौकटीवर काहीही नसेल, तर हाच तो किट.

माझी ओळख एवढीच की मी टर्नर ट्रेडचा निदेशक होतो. लेथ पोराच्या हातात आणि जीव माझ्या मुठीत, अशी नोकरी. म्हणून लढाऊ विमानांपेक्षा शिकवायच्या विमानांवर माझं जास्त प्रेम. मिराज सगळेच करतात. त्या मिराजमध्ये बसणारा फ्रेंच वैमानिक त्याआधी कुठे बसून शिकला, हे कुणी विचारत नाही. १९५६ पासून पुढे कितीतरी वर्षं त्याचं उत्तर एकच होतं: मॅजिस्टरच्या पुढच्या सीटवर.

आता तुकड्यांकडे येऊ. अंगाचे डावा-उजवा असे दोन अर्धे आहेत आणि ते एकमेकांना चांगले बसतात. पाठीवरचा सांधा मात्र भरावा लागतो. पुटी भरून पॉलिश पेपर मारला की उठावाच्या रेषा घासून जातात आणि त्या परत आणायला बारीक सुईने पट्टी धरून कोरत बसावं लागतं. जुन्या साच्यांचं हे दुखणं जुनंच आहे, त्याबद्दल या किटला वेगळी शिवी नको. अंग हातात धरून बाजूने बघा. लांबट, निमुळतं, जमिनीपासून जेमतेम वर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे ग्लायडर वाटतं, आणि ते वाटणं बरोबर आहे.

फूगा ही मुळात रेल्वेच्या डब्यांची कंपनी. गास्तों फूगा यांनी १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए इथे डबे दुरुस्तीचा कारखाना काढला. विमानाचं काम नंतर, लांद भागातल्या एर-सूर-लादूर या गावी सुरू झालं आणि तिथे दोन माणसं एकत्र आली: रोबेर कास्तेलो आणि पिएर मोबूसां. दोघांचा हात ग्लायडर आणि हलक्या विमानांवर बसलेला. ‘सीएम.१७०’ मधलं सीएम म्हणजे या दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी आपल्या सीएम.८ ग्लायडरच्या पाठीवर, वैमानिकाच्या मागे, एक छोटंसं जेट इंजिन बसवलं. इंजिन तुर्बोमेकाचं, नाव पिमेने, ढकल शंभर किलोच्या आसपास. १४ जुलै १९४९ ला, म्हणजे नेमक्या फ्रेंच राष्ट्रीय दिनी, ते उडालं. इंजिन पाठीवर असल्यावर त्याचा गरम झोत थेट मागे जाणार, तिथे उभी शेपूट कशी चालेल? म्हणून शेपटीचे दोन पाट तिरके वर गेलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, आणि झोत त्यांच्या मधून मोकळा. पुढे तर या मंडळींनी इंजिनांच्या चाचण्यांसाठी असली दोन अंगं शेजारी शेजारी जोडून जुळं विमानही केलं. १९५१ मध्ये ते उडालं. त्या जुळ्याचा किट कुणी काढला तर मी रांगेत पहिला.

तर मॅजिस्टर या घरातलं. म्हणूनच किटचे पंख हातात घेतले की लांबी आणि रुंदीचं प्रमाण लढाऊ विमानासारखं लागत नाही. खऱ्या विमानाची लांबी १०.०६ मीटर आणि पंखांच्या टोकाच्या टाक्या धरून फैलाव १२.१५ मीटर. लांबीपेक्षा रुंदी जास्त! मापाने भागलं तर मॉडेल साधारण २१ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटरहून थोडं जास्त रुंद व्हायला हवं. व्हर्नियर लावून बघितलं, दोन्ही मापं बरोबर निघाली. एवढ्याबद्दल साचा करणाऱ्याला दाद.

एवढे लांब पंख का, तर गणित सरळ आहे. भरलेल्या विमानाचं वजन ३२०० किलोपर्यंत आणि दोन्ही इंजिनांची मिळून ढकल ८०० किलो. चार किलो वजनाला एक किलो ढकल. एवढ्या ताकदीत विमान वर न्यायचं, कसरती करायच्या, शिकाऊ पोराच्या चुका पोटात घालायच्या, तर पंखांनीच काम केलं पाहिजे. मूळ प्रस्ताव याहून छोट्या विमानाचा होता, पण फ्रेंच हवाई दलाने तो अशक्त म्हणून नाकारला. मग आराखडा वाढवून त्यात मार्बोरे इंजिनं घातली आणि सरकारने तीन नमुने मागवले. पहिला नमुना २३ जुलै १९५२ ला मों-द-मार्सां इथे उडाला.

पंखांवर एक गोष्ट बघण्यासारखी आहे आणि किटने ती अर्धीच दाखवलीय. मॅजिस्टरचे एअरब्रेक, म्हणजे वेग कमी करायच्या फळ्या, पंखातून वर आणि खाली उभे निघतात, अगदी ग्लायडरच्या पद्धतीने. किटमध्ये वरच्या बाजूला त्याची खाच रेषेने दाखवलीय, खालच्या बाजूला काहीच नाही. धारदार पात्याने खालीही तशीच खाच काढावी. पाच मिनिटांचं काम आहे आणि मॉडेल उलटं करून बघणाऱ्याला (असे लोक असतात, मीच त्यातला) समाधान मिळतं.

इंजिनाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण यंत्रशाळेतल्या माणसाला इथेच खरी मजा आहे. किटमध्ये इंजिन नाही. पुढच्या तोंडात एक चकती, मागच्या नळीत एक चकती, झालं. नळीची कड एवढी जाड दिलीय की खऱ्या मापात ती मुठीएवढी भरेल. आतून गोल कानस फिरवून ती पातळ केलीच पाहिजे, नाहीतर मागून बघताना मॉडेल खेळण्यातलं वाटतं.

आत जे असायला हवं ते मार्बोरे २. तुर्बोमेकाचे संस्थापक जोझेफ शिद्लोव्स्की, जन्माने पोलंडचे. कारखाना पो शहराजवळ बोर्द इथे, समोर पिरेनीजचे डोंगर. म्हणून इंजिनांना शिखरांची नावं: पिमेने, मार्बोरे. या इंजिनात हवा दाबायला एकच केंद्रापसारी (हवा मधून ओढून कडेला फेकणारं) चाक आणि ते मिनिटाला २२ हजारांहून जास्त फेरे घेणारं. यातली डोकेबाज गोष्ट म्हणजे इंधन आत सोडण्याची तऱ्हा. बारीक नोझलांची माळ लावून, प्रत्येकाला जोराचा पंप देऊन इंधन फवारायचं, ही नेहमीची रीत. शिद्लोव्स्कींच्या इंजिनात इंधन फिरत्या पोकळ शाफ्टमध्ये सोडलं जातं आणि शाफ्टच्याच भोकांतून, फिरण्याच्या जोराने, चहूकडे उडतं. फिरकी जेवढी जोरात, तेवढा फवारा बारीक. चोंदायला बारीक नोझल नाहीत आणि उंच दाबाचा पंपही नाही. लेथवर फिरत्या जॉबवर जास्त शीतक सोडल्यावर ते कुठे कुठे उडतं, हे ज्याने शर्टावर झेललंय त्याला ही कल्पना लगेच पटेल. त्या वेगामुळे मॅजिस्टरचा आवाज गडगडाटापेक्षा शिट्टीकडे झुकतो. विमान दिसण्याआधी शिट्टी कानावर येते.

हेच मार्बोरे कॉन्टिनेंटल कंपनीने परवान्यावर अमेरिकेत बनवलं, जे६९ नावाने, आणि ते अमेरिकन हवाई दलाच्या सेस्ना टी-३७ या शिकवायच्या विमानात बसलं. म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही काठांना पोरं एकाच शिट्टीवर शिकत होती.

आता शेपूट. किटची खरी परीक्षा इथे आहे. दोन पाट वेगळे दिलेत आणि अंगावर चिकटवायला नुसती सपाट जागा आहे, खुंटी नाही की खाच नाही. हातात धरून ‘अंदाजे’ चिकटवलं तर एक पाट उभा आणि एक लोळलेला, हे ठरलेलं. दोन पाटांमधला कोन ११० अंश हवा. जाड पुठ्ठ्यावर कोनमापकाने ११० अंश आखा, कापा, तो साचा दोन पाटांमध्ये वरून टेकवा आणि सुपरग्लूऐवजी हळू वाळणारा डिंक वापरा, म्हणजे हलवायला वेळ मिळतो. मग अंग टेबलावर सरळ धरून समोरून बघा. पंखांची टोकं आणि शेपटीची टोकं दोन्हीकडे सारख्या अंतरावर आली की सोडून द्या. रात्रभर हात लावू नका.

हे चाललं असताना भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, “मामा, याला उभी शेपूटच नाही. मग वळतं कसं?” बरोबर प्रश्न. त्याला दोन्ही तळहात तिरके धरून दाखवलं. दोन्ही पाटांच्या मागच्या फळ्या एकदम वर गेल्या की नाक वर, एकदम खाली गेल्या की नाक खाली. आणि एक वर, एक खाली गेली की शेपूट बाजूला ढकलली जाते. डावा पाय दाबला की डावी फळी खाली, उजवी वर, आणि नाक डावीकडे. काठी आणि पायडल या दोघांची बेरीज आतली दांड्यांची जोडणी करते, शिकणाऱ्या पोराला त्याचा पत्ताही लागत नाही. भाच्याने लगेच विचारलं, “मग दोन्ही एकदम केलं तर?” तर बेरीजच. एका फळीला जास्त, दुसरीला कमी. मुलगा हुशार आहे.

ही शेपूट नुसती हौस म्हणून ठेवली होती का? तशी शंका त्या वेळीही होती. म्हणून एका नमुन्याला नेहमीची शेपूट लावून तुलना केली गेली आणि शेवटी फुलपाखरी शेपूटच राहिली. इंजिनं आता पाठीवरून खाली, अंगाच्या दोन्ही कुशीत आली होती, म्हणजे झोताची मूळ अडचण संपलीच होती. तरीही शेपूट तीच. घराण्याचं नाक जसं पुढच्या पिढीत उतरतं तसं.

नाकावरून आठवलं. मॉडेल तीन चाकांवर उभं राहायचं तर नाकात वजन हवं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. किटसोबतच्या माहितीपत्रिकेत ‘वजन भरा’ एवढंच लिहिलंय, किती ते नाही. आणि जागा? चिमूटभर. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी हातोडीने चेपून पुढच्या चाकाच्या खणाभोवती ठासा आणि उरलेले पुढच्या डॅशबोर्डमागे. दोन अर्धे बंद करण्याआधी टेपने बांधून, चाकांच्या जागी टेकू देऊन तपासा.

खऱ्या विमानात त्या जागी दोन मशीनगन असत. शिकवायचं विमान असलं तरी नेमबाजीही शिकवायची, म्हणून ७.५ मिलिमीटरच्या दोन गन नाकात आणि पंखांखाली रॉकेट किंवा छोटे बॉम्ब टांगायची सोय. सोय म्हटली की कुणीतरी ती वापरणारच. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये काँगोतून फुटून निघालेल्या कटांगाच्या एकाच मॅजिस्टरने जाडोव्हिल इथे वेढ्यात सापडलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या आयरिश तुकडीला जेरीस आणलं. कारण संयुक्त राष्ट्रांकडे तिथे तेव्हा एकही लढाऊ विमान नव्हतं. समोर कुणी नसलं की शिकाऊ विमानही वाघ होतं. त्यानंतर भारताने आपली कॅनबेरा विमानं काँगोला पाठवली आणि डिसेंबरमध्ये त्यांनी कोल्वेझीच्या धावपट्टीवर हल्ला चढवून कटांगाचं हवाई दल जमिनीवरच निकालात काढलं. आयर्लंडची गंमत अशी, की ज्या विमानाचा मार त्यांच्या सैनिकांनी खाल्ला, तेच पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्या हवाई दलाने विकत घेतलं. १९६७ च्या युद्धात इस्रायलने तर प्रशिक्षणाची मॅजिस्टर रॉकेटं लावून सरळ आघाडीवर पाठवली. चिलखत नाही, इजेक्शन सीट नाही, वेग ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास. त्यात बसून रणगाड्यांवर जाणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. किटमध्ये रॉकेटं आहेत, बऱ्यापैकी आहेत. मी लावली नाहीत.

आता मुख्य तक्रार.

मॅजिस्टरमध्ये दोन सीटा एकामागे एक आणि जवळजवळ एकाच उंचीवर. पुढे विद्यार्थी, मागे मास्तर. मास्तरांना समोर काय दिसणार? विद्यार्थ्याचं हेल्मेट, सीटची पाठ आणि कॅनोपीची चौकट. धावपट्टी दिसायला हवी त्या क्षणी, म्हणजे उतरताना नाक वर असताना, नेमकी तीच झाकलेली. यावर फ्रेंचांनी काढलेला उपाय म्हणजे पेरिस्कोप. दोन कॅनोप्यांच्या मधल्या पक्क्या चौकटीवर एक छोटं उंचवटं, त्यातून पुढचं चित्र आरशांनी खाली मास्तरांच्या डोळ्यांसमोर. पाणबुडीतली वस्तू विमानात! माझ्या मते आख्ख्या विमानातली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट. आराखडा करणाऱ्यांनी सरळ कबूल केलं की मागच्या माणसाला दिसत नाही, आणि त्याची सोय केली.

या किटमध्ये ती नाही. बाहेरचं उंचवटं नाही, आतली आरशाची पेटीही नाही. मागचा डॅशबोर्ड पुढच्याचीच नक्कल. दोन्ही सीटा सारख्या, पट्टे नाहीत. ज्याने साचा केला त्याने फोटो पुढून आणि बाजूने बघितले असणार, मागच्या सीटवर मनाने एकदाही बसला नसणार. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात छापील आभार आणि नव्या वस्तूंची यादी आली.

मग स्वतःच केलं. स्प्रूचा (किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना लागून येतात त्याचा) चौकोनी तुकडा कानसीने घासून पुढून उतरता, मागून उभा असा ठोकळा बनवला, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा. तो मधल्या चौकटीवर मध्यभागी बसवला आणि पुढच्या तोंडावर काळ्या रंगाचा ठिपका देऊन वर पारदर्शक वार्निशचा थेंब सोडला. वाळला की काच वाटते. आतल्या बाजूला मागच्या डॅशबोर्डच्या वर दुसरा ठोकळा, त्याच्या मागच्या तोंडावर चॉकलेटच्या चांदीचा कपटा. सीटचे पट्टे मास्किंग टेपचे. इजेक्शन सीट नसल्यामुळे वरच्या ओढायच्या कड्या वगैरे काही करायचं नाही, ही एक सुटका. दोन्ही कॅनोप्या वर उघडतात, त्यामुळे उघड्या ठेवल्या तर ही सगळी मेहनत दिसते. पण किटने दोन्ही कॅनोप्या आणि मधली चौकट एकाच पारदर्शक तुकड्यात दिल्यात! बारीक दातांच्या करवतीने कापताना आधी आतून-बाहेरून टेप लावा, नाहीतर तडा जातो.

मास्तरांना कुठे बसवायचं, हा वाद त्या काळात खराखुरा होता. मॅजिस्टरच्या विरोधात मोरान-सोल्निए कंपनीचं एमएस.७५५ फ्लरे उभं होतं. ते १९५३ च्या जानेवारीत उडालं. त्यात दोघं शेजारी शेजारी. शेजारी बसलं की पोराचा हात, डोळे, घाम सगळं दिसतं. टी-३७ मध्येही अमेरिकनांनी तेच पसंत केलं. फ्रेंच हवाई दलाने मात्र एकामागे एक बसवणारं मॅजिस्टर निवडलं. पुढे ज्या लढाऊ विमानात एकट्याने बसायचं, त्याची सवय पहिल्यापासून लागावी, हा त्या पद्धतीच्या बाजूचा मुद्दा. फ्लरे हरलं, पण वाया गेलं नाही. त्यातूनच चार जणांना नेणारं एमएस.७६० पारी निघालं. मी शिकवत असताना पोराच्या मागे उभा राहायचो, शेजारी कधीच नाही. शेजारी उभं राहिलं की पोरगं जॉबकडे बघण्याऐवजी आपल्या तोंडाकडे बघतं. म्हणून माझं मत फ्रेंचांच्या बाजूने, पेरिस्कोपसकट. आणि पुढच्या पिढीने धडा घेतलाच. १९७३ मध्ये उडालेल्या अल्फा जेटमध्ये मागची सीट चांगली उंच केलीय, पेरिस्कोपची गरजच ठेवली नाही.

पत्रिकेतल्या इतिहासाबद्दल दोन शब्द. त्यात मॅजिस्टरला ‘जगातलं पहिलं जेट ट्रेनर’ म्हटलंय. हे ठोकून दिलेलं आहे. डच कंपनी फोकरचं एस.१४ हे खास शिकवण्यासाठी आखलेलं जेट मे १९५१ मध्येच उडालं होतं आणि त्यांच्या हवाई दलात वापरातही आलं. पण ती वीसच्या आसपासच बनली. मॅजिस्टर परवान्यावर बनलेली धरून ९२९. जर्मनी, फिनलंड आणि इस्रायल या तिन्ही देशांनी ती आपापल्या कारखान्यात बनवली. नव्याने उभ्या राहणाऱ्या किती विमान कारखान्यांनी यावर हात बसवून घेतला, हे लिहिलं असतं तर पत्रिका जास्त खरी झाली असती. आणि १९५८ मध्ये फूगा कंपनी पोतेझने घेतली, हेही त्यात नाही.

युद्धानंतरची फ्रान्सची अवस्था तर पत्रिकेत शून्य. जर्मनांनी व्यापलेल्या काळात फ्रान्समध्ये ज्या जर्मन आराडो विमानाचं काम सिपा कंपनीकडे दिलं होतं, तेच विमान मुक्तीनंतर सिपाने फ्रेंच हवाई दलासाठी बनवलं आणि पोरं त्यावर शिकली. शत्रूच्या आराखड्यावर शिकणाऱ्या हवाई दलाने दहा वर्षांच्या आत स्वतःचं जेट शाळेत आणलं. हे लिहायला दोन ओळी लागतात.

रंग आणि डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. चार पर्याय आहेत: सालोन-द-प्रोव्हांसच्या शाळेचं चंदेरी विमान, फ्रेंच हवाई दलाच्या पात्रुय द फ्रान्स या कसरती पथकाचं निळं, बेल्जियमच्या कसरती पथकाचं लाल आणि फिनलंडचं. डिकल पातळ आहेत, कोमट पाण्यात लवकर सुटतात, रंगही जुळलेले. इथे तक्रार नाही. सगळे निळं करणार, मला ठाऊक आहे. मॅजिस्टरवर कसरती करणारं शाळेचं पथक १९६४ मध्ये पात्रुय द फ्रान्स झालं आणि १९८० पर्यंत ते याच विमानावर होतं, त्यामुळे त्या निळ्याला मान आहेच. तरी माझी शिफारस शाळेच्या चंदेरीची. नाक, टाक्या आणि शेपूट यांवर झगझगीत नारिंगी पट्टे, म्हणजे आकाशात शिकाऊ पोरगं लांबूनच ओळखू यावं आणि बाकीच्यांनी वाट सोडावी. नारिंगीखाली आधी पांढरा थर द्या, थेट चंदेरीवर मारला तर तो विटकरी दिसतो. खूप उन्हात राहिलेलं विमान दाखवायचं तर वरच्या बाजूचा नारिंगी थोडा उडवा. ही विमानं फ्रान्सच्या शाळांत नव्वदच्या दशकापर्यंत होती, तुकानो ही नवी प्रशिक्षण विमानं येईपर्यंत. रंग विटणारच.

झेफिर, म्हणजे मॅजिस्टरचा नौदलासाठीचा अवतार, याच किटमधून करता येईल का, असं विचारणारे भेटतात. नका करू. जहाजावर उतरायचा हूक लावणं सोपं आहे, पण झेफिरच्या कॅनोप्या वर न उघडता मागे सरकतात, म्हणजे कॉकपिटभोवतीचं सगळंच बदलावं लागतं आणि या किटचा तोच भाग आधीच रडका आहे.

पंखांच्या टोकाच्या टाक्या सगळ्यात शेवटी, रंग आणि डिकल झाल्यावर चिकटवा. त्यांची खुंटी आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक आहे. आधी लावल्या तर विमान फिरवताना एक तरी मोडतेच, आणि ती सरळ परत लावायची म्हणजे पुन्हा पुठ्ठा, पुन्हा कोनमापक.